चौथी फेरी

दारव्ह्याच्या अलीकडे, वळणावर आमचं कॉलेज.
मागे तुरीचं रान, समोर पंक्चरवाला,
आणि मधल्या शेडमध्ये शंभर टनी प्रेस.
तिच्यावर मी एकवीस वर्षं सिमेंटचे ठोकळे फोडले.
फोडणं सोपं असतं. आकडा वाचायचा, वहीत लिहायचा,
तुकडे बाहेर टाकायचे.
सायकल स्टँडची अर्धी भरणी माझीच आहे.

मग कोमल मडावी आली, झरी-जामणीकडची,
रुमालात गुंडाळलेली एक चौरस कांडी घेऊन.
करंगळीएवढी. हातावर घेतली तर वजनच नाही.
हे काय व, खडू?
मॅग्नेशियम आहे काका. थोडं जस्त, चिमूटभर कॅल्शियम.
फोडायचं नाही हे. वळवायचं.

डाय यवतमाळच्या लेथवाल्यानं केलेला.
पोलादाच्या पोटात एक भोक, सरळ खाली उतरणारं
आणि एकदम काटकोनात वळणारं,
आमच्या गावात मारुतीच्या पारापाशी
कडब्याच्या गाडीला वळावं लागतं तसं.

पहिली कांडी थंडच ढकलली. घाई माझी.
करकन आवाज झाला,
वळणावर तीन तुकडे.
ती रागावली नाही. म्हणाली,
हिच्या आत दाणे आहेत काका, मोठाले, टपोरे,
आणि थंडीत त्यांना सरकायला वाटा फार कमी.

घरी कुंदा ज्वारीचं पीठ मळत होती.
गार पाण्यातली भाकरी कडेनं फाटते,
हे मी पंचवीस वर्षं नुसतं खात आलो होतो.
दुसऱ्या दिवशी कोमलला मोठ्या ऐटीत सांगितलं:
पाणी उकळतं पाहिजे, आणि मळत राहायचं.
तिनं मान हलवली.
हीटर तिच्या पिशवीत आधीच होता.

आत अडीचशे अंश, बाहेर शेचाळीस.
काळं ग्रीस कोपरापर्यंत.
दांडा उतरतो मिनिटाला नखभर,
कांडी कोपऱ्यावर येते, आतला थर थरावरून घसरतो,
आणि आडव्या तोंडातून ती बाहेर येते
गेली तेवढीच जाड, तेवढीच लांब.
काही झालं असं वाटतच नाही.
टाकीचे घाव वगैरे लोक सांगतात;
इथे टाकी नाही, एक कपचीसुद्धा उडत नाही.
फक्त तेच वळण,
दर वेळी दुसऱ्या कुशीवर.

तिसऱ्या फेरीत वीज गेली. कांडी पोटातच अडकली.
आम्ही दारात बसलो. ती सांगत होती,
आश्रमशाळा, मग पांढरकवडा, मग अमरावती,
सुटीत गेलं की मावशी म्हणायची,
कित्ती बारीक झाली व पोरी!
ती हसली. मी नाही हसलो.
मला तो शब्द अजून नीट कळायचा होता.

चौथ्या फेरीनंतर तिनं काप घासला, स्पिरिटवर,
कारण याला पाणी चालत नाही;
भिंतीवर मीच लाल रंगानं लिहिलंय:
आग लागल्यास पाणी टाकू नये. वाळू.
भिंगातून आधीचा तुकडा पाहिला:
मे महिन्यातलं भेगाळलेलं काळं रान,
एकेक ढेकूळ अडतीस मायक्रॉन.
मग नवा: रवा. नुसता रवा.
तीन मायक्रॉन, ती हळूच म्हणाली, जणू कुणी उठेल.
दाण्यादाण्यामध्ये बांधच बांध,
भेग येते आणि बांधाला अडते.
आमच्याकडे बांधावरून डोकी फुटतात.

याचे स्क्रू करायचे म्हणते, हाडाचे.
हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं,
मग शरीरातच विरून जायचं.
माझ्या पायात लुनावरून पडल्याची पट्टी आहे,
चार स्क्रू, पौषात चारही वेगवेगळे बोलतात.
विचारलं, माझ्यासाठी होईल का गं?
काका, आधी उंदीर.

बरं.
फेऱ्या आठ करायच्यात.
वहीत लिहिलं: फेरी पाचवी, अंश अडीचशे,
वेळ पाच पस्तीस, वीज आहे.